पूर्वेच्या अक्षता

१

सिडनीत श्रावण थंडीत येतो. तरी शुक्रवार चुकवायचा नाही हा माझा नेम, आणि नव्या घरातला हा पहिलाच श्रावण. भिंती कोरड्या, पांढऱ्याशुभ्र. जुन्या घरात जिवतीचा कागद चार दिवसांत ओलीने फुगून यायचा. इथे तो इस्त्री केल्यासारखा ताठ बसला. त्याच्याशेजारी चांदीची जिवती. नवस होता माझा, तो फेडला. कसला नवस, ते पुढे सांगते. सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते.

निरांजन लावलं तेव्हा हे धुराच्या गजराखाली उभे राहून वर्तमानपत्राने वारा घालत होते. तो गजर वाजला की अख्खी इमारत खाली फुटपाथवर येते. मागच्या महिन्यात माझ्या फोडणीने एकदा सगळ्यांना खाली उतरवलेलं आहे.

तीन वाजता पर्थहून ईराचा फोन आला. तिची तिकडे जेवणाची सुट्टी असते. लेक चार हजार किलोमीटरवर, म्हणून तिला फोनवरच ओवाळते. मग आमच्याकडची रीत: लेकरू लांब असेल तर चारही दिशांना अक्षता टाकायच्या. जिथे असेल तिथे सुखरूप असो. मी चार चिमटी टाकल्या. ईरा म्हणाली, "आई, पश्चिमेला जरा जोरात टाक, इथपर्यंत यायचंय." दोघी हसलो.

संध्याकाळी केर काढला. पश्चिमेचे दाणे सोफ्याखाली सापडले, दक्षिणेचे चपलांच्या स्टँडपाशी, उत्तरेचे स्वयंपाकघराच्या ओट्याखाली. पूर्वेच्या कोपऱ्यात एकही दाणा नव्हता.

"अहो, पूर्वेचे तांदूळ कुठे गेले?"

"पूर्वेला," हे पेपरातून मान वर न करता म्हणाले.

"चेष्टा नको. एक दाणा नाही इथे."

"मुंग्या असतील."

"तिसऱ्या मजल्यावर? या थंडीत?"

"नवीन इमारत आहे, खाली ट्राम, खाली दुकान. मुंग्यांनीही बुकिंग केलं असेल."

मी गुडघ्यावर बसून फरशीवरून हात फिरवला. कोपरा स्वच्छ होता. नुकताच कोणीतरी पुसून घेतल्यासारखा.

२

आत्ता जिथे लाइट रेलचं, म्हणजे ट्रामचं, स्थानक आहे, खाली सुपरमार्केट, औषधांचं दुकान, कॉफीवाला आणि वर आम्ही दोनशे कुटुंबं, तिथे पूर्वी एका रांगेत सात घरं होती. पंधरा नंबर आमचं. आमच्या पूर्वेला सतरा नंबर, तिथे स्तमाटिया.

ती ग्रीसमधल्या कुठल्याशा बेटावरून लग्न करून इथे आलेली. मी तिला थिया म्हणायची, म्हणजे तिच्या भाषेत मावशी. ती मला कुमू म्हणायची, कारण कुमुद म्हणताना तिची कवळी सटकायची. हे तिचंच म्हणणं. माझे श्रावणातले शुक्रवार आणि तिचे ऑगस्टमधले मारियामातेचे पंधरा उपास एकत्रच यायचे. कुंपणावरून एकमेकींच्या उपासाची चौकशी चालायची.

"तू बटाटा खातेस आणि त्याला उपास म्हणतेस?" ती मला टोमणा मारायची.

"तुम्ही कोळंबी खाता थिया, आणि त्याला उपास म्हणता."

"कोळंबीला रक्त नसतं. आमच्या पाद्रीबाबांना विचार."

तिचा एकुलता एक मुलगा मनोली. आम्ही त्या गल्लीत राहायला यायच्या कितीतरी आधी, बावीस वर्षांचा असताना, बापाशी भांडून निघून गेला. निळी कापडी पिशवी खांद्याला, आणि जाताना फाटकाची कडीसुद्धा लावली नाही. थियाला त्या कडीचंच जास्त लागलं होतं. "परत यायचं असलं की माणूस कडी लावतो," ती म्हणायची. नवरा वारला, तरी घर सोडलं नाही. पुढच्या जाळीच्या दाराला दिवसा कधी कुलूप लावलं नाही. फ्रिजवर मनोलीचा फोटो: दाट केस, डाव्या भुवईत तुटलेली रेघ. लहानपणी तिच्याच दारातल्या ओट्यावर पडला होता.

एका शुक्रवारी ती लिंबं द्यायला आली आणि मला अक्षता टाकताना पाहिलं. काय ते विचारलं. मी सांगितलं. ती दारातच उभी राहिली.

"माझ्या मनोलीसाठी टाकशील?"

"टाकीन की. कुठल्या दिशेला असेल?"

"मला ठाऊक असतं तर तुला कशाला सांगितलं असतं, बये?"

मग मी ठरवलं, पूर्वेच्या अक्षता मनोलीच्या. थियाचं घर पूर्वेला, म्हणून. पुढची एकोणीस वर्षं मी त्या टाकत राहिले. त्यांच्यातली नातेवाईक मंडळी तिला सांगायची, आता त्याच्या नावाने गहू शिजव. मेलेल्या माणसासाठी ते लोक गहू शिजवतात, त्यात साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे घालून चर्चमध्ये वाटतात. थिया ऐकायची नाही. म्हणायची, "कुमू तांदूळ टाकते तोवर मी गहू शिजवणार नाही."

इतका विश्वास होता तिचा माझ्या चिमूटभर तांदळावर.

३

दुसऱ्या शुक्रवारी मी वर्तमानपत्र पसरलं. चार कोपऱ्यांत चार कागद. अक्षता मोजून टाकल्या, दर दिशेला एकवीस. हे म्हणाले, "आता प्रयोगशाळा काढलीस का?" आणि खाली चक्कर मारायला निघून गेले.

ईराचा फोन झाला. पश्चिमेचे एकवीस. दक्षिणेचे एकवीस. उत्तरेचे एकोणीस, दोन कागदाबाहेर सापडले. मग पूर्वेला हात केला, सोडले, आणि कान दिला.

तांदूळ कागदावर पडताना बारीक आवाज येतो. तो आला नाही.

कागद कोरा होता. मी तो उचलून झटकला, उलटून पाहिला. हसूच आलं मला स्वतःचं. म्हटलं, बाई गं, नजर कमी झाली, आता चष्म्याचा नंबर वाढलाय. असं म्हणत असतानाच भिंतीपलीकडून एक आवाज झाला.

लोखंडी कडी उचलल्याचा.

मग पायऱ्यांवर पावलं. एक, दोन, तीन. मग जाळीच्या दाराच्या लाकडी चौकटीवर बोटांच्या पेरांनी तीनदा टकटक. थियाच्या दाराचा तो आवाज मी सव्वीस वर्षं शेजारून ऐकलेला. जाळीचं दार वाजतं तेव्हा टकटकीमागून जाळी थरथरते. ती थरथरही मला ऐकू आली.

मी मनाला समजावलं. लिफ्ट असेल. कचऱ्याच्या नळीतून कोणी बाटली टाकली असेल. ट्राम वळणावर कुरकुरते तशी कुरकुरली असेल. पण ट्राम कुरकुरते, ती दार वाजवत नाही.

इमारतीचा मॅनेजर सिओने, टोंगा बेटांवरचा धिप्पाड, देवभोळा माणूस. त्याला खाली जाऊन विचारलं, "माझ्या पूर्वेच्या भिंतीपलीकडे काय आहे?"

"हवा आहे, आंटी."

"नीट सांग रे. लिफ्ट, नळ, जिना, काहीतरी असेल."

त्याने टेबलावर नकाशा उघडून दाखवला. "हे बघा. ती बाहेरची भिंत. पलीकडे काही नाही. सरळ खाली ट्रामचा फलाट. का, पाणी झिरपतंय का? नवीन इमारतीत झिरपतंच. फॉर्म भरून द्या."

"नाही रे, कोणीतरी दार वाजवतंय."

तो हसला नाही. त्याने नकाशाची घडी घातली. "आमच्या गावी म्हणतात," तो म्हणाला, "दार वाजलं आणि दार नसलं, तर ज्याने बोलावलंय त्याने उत्तर द्यावं."

"मी कोणाला बोलावलं?"

"ते मला कसं माहीत असणार, आंटी?"

४

मला माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी बिल्डरचा माणूस गल्लीत आला. सातही घरं एकदम हवीत, नाहीतर एकही नको, अशी त्याची अट. इथे लाइट रेल येणार, स्थानकाभोवती इमारती उठणार. घराच्या बदल्यात नवा फ्लॅट आणि वर रक्कम. सहा घरांनी मान डोलावली. थियाने नाही.

"मनोली येईल तेव्हा कुठलं दार वाजवेल?" ती म्हणायची.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. म्हातारीने सगळ्यांचं अडवून धरलंय. मी तिची बाजू घ्यायची. पण मनातून, देवाला ठाऊक, मी त्या सहा जणांपैकीच होते. ह्यांचे गुडघे गेलेले, हे खरं. जिना चढवत नव्हता, हेही खरं. पण माझा जीव अडकला होता कोरड्या भिंतीत. पूर्वेकडून उजेड येईल अशा देवघरात. बिल्डरच्या चोपड्यातल्या चित्रात तो कोपरा मी बोटाने दाखवून ठेवला होता. मी जिवतीपुढे पदर पसरून म्हटलं, हा व्यवहार होऊ दे, तुला चांदीची करीन.

लेकरांच्या रक्षणासाठी जिला पुजतात, तिच्याकडे मी काय मागितलं ते आता कळतंय.

शेवटची तारीख सोमवारची होती. आधीच्या शुक्रवारी, श्रावणातल्याच, मी तीन वाजता अक्षता टाकल्या. चारही दिशांना. हात धुवायला मोरीत गेले, तेवढ्यात शेजारच्या फाटकाची कडी वाजली.

थिया चर्चमध्ये गेली होती. मी व्हरांड्यात आले. तिच्या ओट्यावर एक मुलगा पाठमोरा उभा होता. त्याने जाळीच्या दारावर तीनदा टकटक केली आणि "मामा?" अशी हाक मारली, म्हणजे त्यांच्या भाषेत आई. मग माझी चाहूल लागून वळला.

निळी कापडी पिशवी. दाट केस. डाव्या भुवईत तुटलेली रेघ.

"इथे स्तमाटिया राहते ना?" त्याने विचारलं.

माझं डोकं तेव्हा जितकं झरझर चाललं तितकं जन्मात चाललं नसेल. मनोली आता पंचावन्नच्या पुढे असायला हवा. हा जेमतेम बावीसचा. म्हणजे हा मनोली नाही. म्हणजे कोणी विक्रेता असेल, वीज कंपनीचा असेल, भुरटा असेल. म्हणजे त्याला काहीही सांगितलं तरी ते पाप नाही. आणि या सगळ्याच्या तळाशी एकच गोष्ट होती: हा आत बसला, तर सोमवारी सही होणार नाही.

"नाही," मी म्हणाले. "आता इथे नाही राहत."

"कुठे गेली?"

"मला माहीत नाही."

त्याने माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं. मग माझ्या, धुवायच्या राहिलेल्या, हळदीने पिवळ्या बोटांकडे. "तुम्हीच बोलावलंत ना?" असं काहीतरी विचारेल असं मला उगाच वाटलं. पण तो फक्त "बरं" म्हणाला. पायऱ्या उतरला. बाहेर पडून फाटक ओढून घेतलं आणि कडी लावली. नीट, आवाज न करता.

मी रस्त्यापर्यंत धावले. खरंच धावले. गल्ली दोन्ही बाजूंना रिकामी होती.

संध्याकाळी थिया उपासाची भाजी घेऊन आली. मी तिच्या डोळ्यांत बघितलं नाही. "थिया," मी म्हणाले, "किती वर्षं स्वतःला जाळणार? आता त्याच्यासाठी गहू शिजवा. त्याला मोकळा करा."

तिने हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. "हे तू म्हणतेस?"

"मी म्हणते."

"तांदूळ टाकणारी म्हणते, तर मग झालं," ती म्हणाली.

रविवारी तिने गहू शिजवला. चर्चमध्ये वाटला. वाटीभर मलाही आणून दिला, मी तो खाल्ला, गोड होता. सोमवारी तिने सही केली. त्यानंतर घराबाहेर पडताना ती पडली, कंबर मोडली, आणि फ्लॅट वगैरे राहिलं बाजूला, ती इथून चार स्थानकांवरच्या नर्सिंग होममध्ये गेली. बांधकामाच्या वर्षांत आम्ही भाड्याने राहिलो. तिथे मी पूर्वेला अक्षता टाकल्या नाहीत. तोंडच नव्हतं. नव्या घरात मात्र वाटलं, तीनच दिशांना टाकणं अशुभ. आणि हात पूर्वेकडे गेला.

५

तिसऱ्या शुक्रवारी मी कागद पसरला नाही. मोजलंही नाही. चिमूट टाकली आणि पाठ फिरवून देव्हाऱ्यापुढे बसले. कडी वाजली. पावलं वाजली. टकटक झाली. मी डोळे मिटून जिवतीची कहाणी मोठ्याने वाचत राहिले. टकटक थांबली. दार न उघडल्यावर माणूस थांबतो तसा कोणीतरी थांबला. मग पुन्हा पावलं, उलटी. आणि कडी, नीट लावलेली.

संध्याकाळी हे पायात चप्पल घालताना वाकले. "अगं, इथे शिरा सांडलाय का?"

"मी शिरा केलेलाच नाही."

"मग हे काय?" पूर्वेच्या कोपऱ्यातून त्यांनी बोटाने काहीतरी उचललं. मी पोहोचायच्या आत ते जिभेला लावलं. "गोड आहे. दलिया आहे की काय हा?"

शिजवलेला गहू. मऊ, अजून ओलसर. चार-पाच दाणे, एक डाळिंबाचा. साखर लागलेली.

"थुंका," मी म्हणाले.

"काय?"

"थुंका आधी."

ते बघतच राहिले. चाळीस वर्षांत मी त्यांच्याशी असं बोललेली नव्हते. मी ते दाणे ओल्या कापडाने गोळा केले आणि तुळशीच्या कुंडीत पुरले. माझे तांदूळ तो घेत होता. पण त्याच्या नावाने शिजवलेलं त्याला नको होतं, ते तो परत करत होता. इतकी साधी गोष्ट, एखाद्या मुलाने ताटातलं नको ते कडेला सारावं तशी.

६

चौथ्या शुक्रवारी मी थियाला आणायला गेले.

ट्रामने चार स्थानकं. चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल, केस विंचरलेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांची झाली तरी बाहेर जायचं म्हटलं की लिपस्टिक लावते. मी ठरवून गेले होते की ट्राममध्येच सांगायचं. पहिल्या स्थानकानंतर तोंड उघडलं, आणि शाल नीट केली. दुसऱ्यानंतर विचारलं, गार लागतंय का. तिसऱ्यानंतर तीच म्हणाली, "कुमू, घशात काटा अडकल्यासारखं काय करतेस?"

"काही नाही, थिया."

"हं. माझ्या नवऱ्यालाही असंच काही नसायचं."

फलाटावर उतरल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं. कॉफीचं दुकान, फुलांच्या बादल्या, काचेचे सरकते दरवाजे. "माझा ओटा कुठे होता?"

मी दाखवलं. जिथे तिकिटाचं कार्ड टेकवायचा खांब आहे, तिथे.

"बरं केलं," ती म्हणाली. "तिथे माणसं टकटक करतच आहेत."

घरी ह्यांनी तिला तिच्या देशातली ती घट्ट कॉफी करून दिली, तिने ती नावं ठेवत प्यायली, आणि हे दूध आणायला खाली गेले. ईराला मी आज उशिरा फोन कर म्हणून सांगितलं होतं. थियाची खुर्ची मी पूर्वेच्या भिंतीसमोर ठेवली. तीन वाजत आले. मी अक्षतांचं ताम्हन उचललं, पण टाकवेना.

अजून चिमूट सोडलीही नव्हती, तरी कडी वाजली.

थियाने मान वर केली. पावलं. एक, दोन, तीन. तिने शालीखालून हात काढून केसांवरून फिरवला. टकटक.

"जाळीचं दार," ती म्हणाली. "उघड की."

"थिया, तिथे भिंत आहे."

"दिसतंय मला. म्हातारी आहे, आंधळी नाही. आण ते इकडे."

तिने ताम्हनातून मूठ भरली. चिमूट नाही, मूठ. आणि टाकली. आमच्यासारखी वरून नाही, बागेत बी फेकावं तशी, समोर.

काही दाणे भिंतीवर आपटून खाली पडले. काही पडले नाहीत.

भिंतीपासून हातभर अलीकडे, माझ्या डोक्याच्या उंचीला, हळदीचे पिवळे दाणे हवेत थांबले होते. एक आडवी रेघ, मध्ये वर जाऊन पुन्हा खाली आलेली. खांद्यावर थांबावेत तसे. त्याच्यावर आणखी थोडे, विखुरलेले, दाट केसांत अडकावेत तसे. खाली ट्राम आली, तिची घंटा वाजली. भिंत किंचित थरथरली, आणि दाणे एकेक करून सुटले.

"तसाच आहे," थिया म्हणाली. अगदी साध्या आवाजात, बसमधून उतरलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

मग तिने मान थोडी तिरपी केली. कमी ऐकू येणारी माणसं करतात तशी. बराच वेळ. मला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ते मला भिंतीपेक्षाही भयंकर वाटलं, की जे बोललं जातंय ते माझ्याबद्दल आहे आणि मला ते ऐकायचा हक्क नाही.

"विचारतोय," ती म्हणाली, "ही बाई इथे काय करते?"

माझ्या हातातलं ताम्हन खाली ठेवलं गेलं.

"कुमू, तू त्याला कुठे पाहिलंस?"

"तुमच्या ओट्यावर. सहीच्या आधीच्या शुक्रवारी. तुम्ही चर्चमध्ये होता." मी सगळं सांगितलं. कोरड्या भिंतीसकट, चांदीच्या जिवतीसकट. एक शब्द गाळला नाही. गाळावासा वाटला तिथे तर मुद्दाम दोनदा सांगितलं. थिया माझ्याकडे न बघता ऐकत होती.

"बावीसचा दिसला म्हणून ओळखला नाहीस?" तिने शेवटी विचारलं.

तिने मला वाट करून दिली होती. त्या वाटेने मी चार वर्षं चालत होते. हो म्हटलं असतं तर तिने मानलंही असतं.

"ओळखला होता, थिया."

खाली सरकते दरवाजे उघडले, मिटले. मग तिने मुठीत राहिलेले तांदूळ माझ्या तळहातावर ओतले आणि माझी बोटं एकेक करून मिटवली.

"मी गहू शिजवून बसले," ती म्हणाली. "शिजवलेला गहू पुन्हा पेरता येत नाही. आता तू सांभाळ त्याला."

परतताना ती खिडकीबाहेर बघत होती. तिने माझा हात धरला नाही. झटकलाही नाही. नर्सिंग होमच्या दारात म्हणाली, "पुढच्या खेपेला लिंबं आण. इथली लिंबं म्हणजे प्लास्टिक." पुढच्या खेपेला, म्हणाली. त्या एवढ्या शब्दावर मी घरापर्यंत आले.

७

यंदा श्रावणात पाच शुक्रवार आले.

पाचव्याला कडी वाजली नाही. पावलं नाहीत, टकटक नाही. अक्षता टाकल्या, चारही दिशांना पडताना ऐकू आल्या. मला रडूच आलं, बरं वाटून. म्हटलं, माते, सोडवलंस.

मग वळून बघितलं.

पूर्वेचे दाणे कोपऱ्यात पसरले होते. मधोमध, भिंतीच्या आतल्या अंगाला, दोन जागा मोकळ्या होत्या. एकेका बुटाएवढ्या, शेजारी शेजारी. चवडे बाहेरच्या दिशेला नव्हते. माझ्याकडे होते.

हे केर काढताना म्हणाले, "हा कोपरा तसाच का ठेवायचा?"

"राहू दे. पाहुणा आहे."

"कोण?"

"सांगते," मी म्हणाले, आणि त्या संध्याकाळी त्यांनाही सांगितलं. त्यांनी उठून दूध-साखरेची वाटी भरली आणि स्वतःच त्या जागेपुढे नेऊन ठेवली. सकाळी वाटी रिकामी नव्हती, पण कोमट होती.

आता मी रोज ओवाळते. आधी फोनवर ईराला, मग वळून तिथे. देव दयाळू आहे, एखाद्या दिवशी जमेल. ओवाळताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं असतं. मी अजून पावलांपर्यंतच बघते.